फीत असेल तिथून

हॉस्पिटलमध्ये त्यांना सगळे घोषणाबाई म्हणत, आणि वरवर कितीही नाक मुरडलं तरी बाईंना ते मनातून आवडायचं. बाह्यरुग्ण विभागात काचेमागे बसून सव्वीस वर्षं त्या माइकवर पेशंटांची नावं पुकारत होत्या. नाव लांबलचक असो, परगावचं असो, डॉक्टरांनी कोंबडीचे पाय काढून लिहिलेलं असो, बाईंच्या तोंडून ते स्वच्छ बाहेर पडे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आपलं नाव कुणी नीट घेतलं की माणसाचा निम्मा आजार पळतो, असं त्या म्हणत. पळत असेल नसेल, पण पुकारा झाला की बाकावरचा माणूस ताडकन उभा राही, एवढं खरं.

रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं शास्त्रवाचनही त्यांचंच. एकोणीस वर्षं. मध्ये दोन पाळक बदलले, छत बदललं, माइक तीनदा बदलला, बाई मात्र होत्या तिथेच होत्या. त्यामुळे चर्चमागच्या नव्या हॉलच्या अर्पणविधीला वाचन कोण करणार, हा प्रश्न कुणाला पडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तो पाळकांना पडला. पाळक वयानं कोवळे, चष्मा जाड, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता दमून जाई. कमिटीच्या बैठकीत ते म्हणाले, "या वेळी वाचन आपल्या लाँड्रीतल्या ताईंना देऊया. दोन वर्षांपूर्वी त्यांना अक्षरओळखही नव्हती. बाईंनीच शिकवलं. सगळ्यांत जास्त आनंद बाईंनाच होईल!"

बाईंना इतका आनंद झाला की घरी पोचेपर्यंत त्यांचं कपाळ ठणकायला लागलं.

घरी नवरा मटार सोलत बसला होता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, समोरून येणारं वाहन त्याला लांबूनच कळायचं.

"काय झालं?"

"काही नाही."

"म्हणजे बरंच झालेलं दिसतंय."

बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, "मग चांगलंय की. तुझीच विद्यार्थिनी. तुला अभिमान वाटायला हवा."

"वाटतोय ना! अभिमानच वाटतोय!" असं म्हणून बाईंनी पातेलं ओट्यावर असं आदळलं की चार मटार जमिनीवर उडाले. नवऱ्यानं ते निमूटपणे वेचले.

खरी गोष्ट सांगायची तर हे दुखणं त्या दिवसाचं नव्हतं. लाँड्रीवाली हॉस्पिटलच्या तळघरात कामाला होती. चाळिशीची, उंच, हसली की जिन्यापर्यंत ऐकू जाणारी. ब्लीचनं हात कोपरापर्यंत पांढुरके पडलेले. तिच्यासारख्या सहाजणी दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बाईंकडे वाचायला शिकत. बाईंचे तिथे दोनच नियम होते. पहिला, फीत असेल तिथून वाचायचं. बायबलमधली खुणेची रेशमी फीत बाई आधीच कुठेतरी ठेवून देत, न सांगता, आणि जिची पाळी असेल तिनं उघडायचं आणि निघेल ते वाचायचं. पान उलटायचं नाही, सोपं शोधायचं नाही. दुसरा नियम, अडलं तर थापा मारायच्या नाहीत. 'येत नाही' असं मोठ्यानं म्हणायचं आणि पुढे जायचं. "खोटं वाचण्यापेक्षा सोडून दिलेलं परवडलं," असं बाई बजावून सांगत.

हे नियम लाँड्रीवालीनं अंगी बाणवले. बोट ओळीखाली धरून ती अडखळत, धडपडत, पण पुढे जायची. मग ती जेवणाच्या सुट्टीत साबणाच्या पिंपावर बसून इतरजणींना वाचून दाखवायला लागली. आणि एक दिवस सफाईवाला काउंटरवर येऊन बाईंना म्हणाला, "बाई, तुमच्या त्या लाँड्रीवालीनं काल काय वाचलं! आम्हाला रडूच आलं हो."

त्या दिवसापासून ती बाईंच्या डोळ्यांत खुपायला लागली. एकोणीस वर्षांत 'आवाज किती स्पष्ट' असं त्यांना शंभरजणांनी सांगितलं होतं. रडू आलं असं एकानंही नाही.

हॉलची गोष्टही लागलीच सांगून टाकतो. चर्चकडे येणारी गल्ली अरुंद, विटांचा ट्रक आत येईना. तेव्हा चार महिने दर सुट्टीच्या दिवशी लाँड्रीतल्या तेराजणी रस्त्यापासून चर्चपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेक वीट हातोहात आत पोचवली. बाई एकदाही गेल्या नाहीत. धुळीनं आवाज बसतो, असं त्यांनी कळवलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलंही होतं. आता हॉलच्या आत समोरच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसली होती. सगळ्यांत वर कमिटीच्या अध्यक्षांचं नाव. हे अध्यक्ष म्हणजेच हॉस्पिटलचे व्यवस्थापक. मग बाकीची कमिटी. बाईंचं नाव पाचवं.

लाँड्रीवालीनं मध्यंतरी वर्गात विचारलं होतं, "बाई, पाटीवर आमची नावं असणारेत का?"

"पाटी लहान आहे," बाई म्हणाल्या होत्या.

अर्पणविधीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाई माइक तपासायला म्हणून चर्चमध्ये गेल्या. माइक ठणठणीत होता. वाचनपीठावर बायबल होतं आणि फीत पाळकांनी योग्य जागी ठेवलेली होती: देवानं घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांची मेहनत वाया जाते, हे सांगणारं छोटंसं स्तोत्र. लहान मूलही वाचील. समासात कुणीतरी पेन्सिलनं बारीक ठिपका दिला होता. म्हणजे लाँड्रीवाली इथे येऊन सराव करून गेली होती. माझ्या वाचनपीठावर!

आपला हात आपोआप गेला, असं बाईंनी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. पण हात आपोआप नहेम्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायावर जात नाही. तो शोधावा लागतो. शहराचा पडलेला तट लोकांनी पुन्हा बांधला, तेव्हा कुणी कुठला भाग बांधला याची ती यादी आहे. नावांमागून नावं, बापाचं, आज्याचं, आणि एकेक असं की जिभेला गाठ पडावी. बाईंनी ती एकदाच वाचली होती, आठवडाभर तयारी करून. त्यांनी फीत तिथे सरकवली, बायबल मिटलं आणि पायऱ्या उतरताना कठडा घट्ट धरून ठेवला. परत वर मात्र गेल्या नाहीत.

रविवारी चर्च खच्चून भरलं. बाई दुसऱ्या बाकावर, नवरा शेजारी. पहिल्या बाकावर व्यवस्थापक नव्या कोटात. तेराजणी मागे, एका रांगेत.

लाँड्रीवाली निळा स्वेटर घालून पुढे गेली. तिनं बायबल उघडलं. पानाकडे बघितलं. मग मान वर करून तिनं नेमकं बाईंकडे पाहिलं आणि ती हसली, वर्गात अवघड धडा मिळाला की हसायची तशी. बाईंच्या हातातलं गीतपुस्तक निसटून खाली पडलं.

तिनं बोट ओळीखाली धरलं आणि सुरुवात केली. मुख्य याजक उठला, त्याचे भाऊबंद उठले, त्यांनी मेंढरांची वेस बांधली. इथवर बरं गेलं. मग पहिली गाठ आली.

"'त्यांच्या शेजारी म... मरे...'" ती थांबली. अडली, अडली, असं बाईंना वाटलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"हे नाव मला येत नाही," लाँड्रीवाली मोठ्यानं म्हणाली. "पण यानं डागडुजी केली."

आता दोघं-तिघं हसले.

"'त्याच्या शेजारी...' याचंही नाव येत नाही. यानंही डागडुजी केली. 'त्याच्या शेजारी...' हे त्याहून कठीण आहे. पण केली यानंही."

हसणं बंद झालं. का, ते कुणाला सांगता आलं नसतं. ती एकेका नावापाशी थांबत होती, त्याच्याकडे नीट बघत होती, येत नाही म्हणत होती, आणि त्यानं काम केलं हे सांगितल्याशिवाय पुढे जात नव्हती. मग एक वाक्य असं आलं की ज्यात अवघड काहीच नव्हतं, आणि ते तिनं एका दमात वाचलं:

"'त्यांच्या शेजारी एका गावच्या लोकांनी डागडुजी केली, पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी आपल्या धन्याच्या कामाला मान लावली नाही.'"

पहिल्या बाकावरची नव्या कोटातली मान हळूहळू लाल झाली. बाईंना ती मागून स्पष्ट दिसत होती. स्वतःची त्यांना दिसत नव्हती, पण कानापर्यंत गरम झालेली कळत होती.

पुढे एक सोनार आला, एक अत्तरवाला आला. एक अधिकारी आला, 'तो आणि त्याच्या मुली'.

"मुलींनीसुद्धा?" मागच्या रांगेतली इस्त्रीवाली भान विसरून बोलून गेली.

"मुलींनीसुद्धा. लिहिलंय," लाँड्रीवाली वरूनच म्हणाली. मग कचऱ्याची वेस आली. तीही कुणीतरी बांधली होती, दारं बसवली होती, कड्या लावल्या होत्या. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी रोज उपसणाऱ्या त्या बायका ते ऐकताना पुढे झुकल्या होत्या. एकीनं डोळ्यांना स्वेटरची बाही लावली.

पाळक प्रवचनाला उभे राहिले. खिशातून कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. "आज एवढं पुरे," ते म्हणाले. "आपण हॉलकडे जाऊ."

एकोणीस वर्षांत बाईंच्या वाचनानंतर एकाही पाळकानं प्रवचन सोडलं नव्हतं. खड्डा आपण खणला आणि हिनं त्यात विहीर काढली! बाईंचा नुसता जळफळाट झाला. नवरा त्यांच्याकडे बघतही नव्हता, आणि तेच वाईट होतं, कारण तो काही कळलं की असाच समोर बघत बसायचा.

हॉलच्या पायऱ्यांवर व्यवस्थापकांनी पाळकांना गाठलं. "हा भाग ठरला होता? नव्हता ना? मग वाचन कुणी बदललं? या बायकांनी ठरवून केलंय हे. पाटीचा राग. सोमवारी लाँड्रीच्या ड्यूट्या कशा लावतो बघाच!"

पाळक चाचरत काहीतरी सांगू लागले. लाँड्रीवाली मागेच उभी होती. ती पुढे आली. "साहेब, आम्ही काही नाही केलं. फीत होती तिथून वाचलं. फीत बाई ठेवतात. आणि बाईंनी ठेवली म्हणजे विचार करूनच ठेवली असणार." मग बाईंकडे वळून हलकेच म्हणाली, "आधी मला कळेचना, एवढं कठीण का दिलंत. मग त्या मोठ्या लोकांचं वाक्य आलं, तेव्हा कळलं. आमच्यासाठी बोललात तुम्ही."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. पाळकांचे डोळे जाड चष्म्याआड चमकायला लागले. इस्त्रीवालीनं पुढे होऊन बाईंचा हात आपल्या खरखरीत हातांत घेतला. बाईंना जे हवं होतं ते सगळं एका क्षणात त्यांच्या पदरात पडलं होतं, वर डोळ्यांतलं पाणीही. फक्त गप्प राहायचं होतं. वर्षभरात त्या निवृत्त होणार, व्यवस्थापक त्यांचं काय वाकडं करणार होते!

पण लाँड्रीवाली त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता. ही बया साऱ्या चर्चसमोर नऊ वेळा 'येत नाही' म्हणाली, हिला लाज वाटली नाही. आणि मी? निदान खरं बोलण्यात तरी हिच्या मागे राहायचं नाही, असं बाईंना वाटलं. हेतू काही फार पवित्र नव्हता, पण त्या घडीला तोच हाताशी होता.

"विचार करून ठेवली होती," बाई म्हणाल्या. "तू अडखळावीस म्हणून. लोकांनी तुला हसावं म्हणून. जळत होते मी तुझ्यावर."

इस्त्रीवालीनं हात सोडला.

लाँड्रीवाली काही वेळ आपल्या पांढुरक्या बोटांकडे बघत राहिली. "ते स्तोत्र पाठ होतं मला, बाई," ती म्हणाली. "महिनाभर ड्रायरसमोर म्हणत होते." एवढंच बोलून ती वळली आणि मागे आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

व्यवस्थापकांचा मात्र जीव भांड्यात पडला. "हे बरं झालं! म्हणजे चूकच झाली. तो भाग आजचा नव्हताच." त्यांनी टाळी वाजवली. "चला, आत. पाटीवरचा पडदा उघडायच्या आधी योग्य ते स्तोत्र वाचलं जाईल. बाई, तुम्हीच वाचा. तुमचाच मान आहे तो. झालं गेलं विसरून जाऊ."

नव्या हॉलमधलं पहिलं वाचन. बाईंनी महिनाभर ज्याच्यासाठी रात्रंदिवस जीव जाळला, ते असं ताटात वाढून समोर आलं.

हॉलला ओल्या रंगाचा वास येत होता. सगळे खुर्च्यांवर बसले, तेराजणी मागच्या रांगेत. पाटीवर लाल कापड होतं आणि त्याची दोरी व्यवस्थापकांच्या मुठीत. पाळकांनी बायबल आणून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलं. फीत अजून नहेम्यातच होती. स्तोत्र तिथून फार लांब नाही, मध्ये दोन पुस्तकं, की आलंच. बाईंनी पान उलटायला बोट लावलं आणि मान वर केली. मागे लाँड्रीवाली त्यांच्या बोटाकडे बघत होती. ती रागावलेली दिसत नव्हती, नुसती बघत होती; गुरुवारी वर्गात दुसरी कुणी वाचत असली की बघायची तशी.

बाईंनी बोट काढून घेतलं.

"फीत असेल तिथून," त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

मरेमोथ, मशुल्लाम, मशेजबेल. एकही नाव अडलं नाही. लाँड्रीवालीनं सोडलेलं प्रत्येक नाव त्यांनी उचललं आणि त्याच्या जागी नीट ठेवलं. मग ते वाक्य आलं. "'पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी आपल्या धन्याच्या कामाला मान लावली नाही.'" बाई थांबल्या. "त्यांच्यात मी आहे. धूळ लागेल म्हणून मी एका विटेला हात लावला नाही. आणि या कापडाखाली माझं नाव आहे. पाचवं."

बाईंनी पुस्तकावरची नजर काढली, पाठ ताठ केली, आणि पुढचं त्या काउंटरवरच्या आवाजात बोलल्या, ज्या आवाजाला माइक लागत नाही.

"त्यांच्या शेजारी," असं म्हणून त्यांनी इस्त्रीवालीचं नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "हिनं विटा वाहिल्या."

इस्त्रीवाली ताडकन उभी राहिली. काउंटरवरून हाक आल्यावर अख्खं हॉस्पिटल उभं राहतं, तिचा काय इलाज!

"तिच्या शेजारी," बाईंनी दुसरं नाव घेतलं. दुसरी उभी राहिली. मग तिसरी. सहाजणींची नावं त्यांनी स्वतः फळ्यावर गिरवून घेतली होती, बाकीच्यांची हॉस्पिटलच्या हजेरीवरून त्यांना तोंडपाठ होती.

"बाई," व्यवस्थापक दोरी धरून दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, हे शास्त्रात नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "पाटीवरही नाही." आणि त्यांनी चौथं नाव घेतलं.

बाराजणी उभ्या राहिल्या. तेरावं नाव उरलं. ते त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं खडूनं लिहून दिलं होतं, आणि ते बघून लाँड्रीवालीनं विचारलं होतं, "एवढंच असतं होय माझं नाव? मला वाटलं लांब असेल." बाईंनी श्वास घेतला आणि ते पुकारलं, इतकं स्वच्छ की सव्वीस वर्षांत कुणाचं पुकारलं नव्हतं.

लाँड्रीवाली उठली नाही.

ती खुर्चीत तशीच बसून राहिली, हात मांडीवर, नजर बाईंवर. काउंटरचा नियम असा, की पेशंट उठला नाही तर नाव दुसऱ्यांदा पुकारायचं, आणि त्यानंतर पुढचं घ्यायचं. बाईंकडे पुढचं नाव नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, आणि या वेळी आवाज मध्येच फाटला.

तेव्हा ती उठली. सावकाश, घाई न करता. हसली नाही, मान डोलावली नाही, क्षमा केल्यासारखं काही केलं नाही. आपलं नाव पुरतं ऐकून घेतलं आणि सरळ उभी राहिली.

मेली उभीसुद्धा किती छान राहते, असं तेव्हाही बाईंच्या मनात आलंच.